गोळीची झोप

माझी भागी जन्मली तेव्हा ती रडत नाही म्हणून सगळ्या चाळीला तिचं कौतुक होतं. दारातून डोकावणारी प्रत्येक बाई म्हणायची, "काय गुणाची पोर हाय गं!" मलाही पहिले काही दिवस तसंच वाटत होतं. पोर गुणाची नव्हती, आजारी होती, आणि तो आजार तिला घरातूनच, मायेनं दिलेला होता, हे कळायला मला स्वतःला मरणाच्या दारात जावं लागलं.

कुणाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे आणि पाळण्यातलं मूल दिवसदिवस निजून राहतं, त्यांनी वाचावं म्हणून लिहिते. माझे वडील खालापूरच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या दाराबाहेर बसून ऐकता ऐकता मला अक्षरं आली, तेवढ्या भांडवलावर हे लिहिलं आहे.

आडोशामागे

माझं सासर कर्जतला, रेल्वेच्या चाळीत. माझे यजमान सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे फिरवून ठरवायचं, हे त्यांचं काम. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून आणखी एक इंजिन जोडतात. त्यामुळे इंजिनं येत, जात, उलटी फिरत, आणि सांधेवाल्याला हातातलं काम संपलं असं कधी वाटत नसे. त्यांची पाळी रात्रीची होती. एकदा त्यांना बसल्याबसल्या डुलकी लागली आणि सांधा फिरवायचा राहून गेला. गाडी वेळेवर थांबली म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा होता, दिवसा त्यांची झोप मोडायची नाही.

आणि घर म्हणजे एक खोली. तिच्यात बांबूच्या कुडाचा आडोसा केलेला. कुडाच्या एका बाजूला ते निजायचे, दुसऱ्या बाजूला माझी बाळंतिणीची बाज. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, बाजेखाली शेगडी, दार लोटलेलं. वैशाख चालू होता. कर्जतचा वैशाख ज्यांनी काढला आहे त्यांना शेगडीबद्दल वेगळं सांगायला नको. घाम पुसायला हात उचलायचाही कंटाळा यायचा. वारं लागेल म्हणून दार उघडायचं नाही, बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि मोठ्यानं बोलायचंही नाही, कारण पलीकडे ते निजलेले.

अशा खोलीत तान्हं मूल रडून कसं चालेल?

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे, खालापूरकडच्या खेड्यातून खास माझ्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. त्यांनी माझी जेवढी सेवा केली तेवढी माझ्या आईनंही केली नसती. भागीला सकाळी न्हाऊ घातलं की त्या सहाणेवर दुधाच्या थेंबात एक काळसर गोळी दोन वेढे उगाळायच्या आणि ते बोट तिच्या जिभेला लावायच्या. पोर चुळबुळली की पुन्हा एकदा. तिला बाळगोळी म्हणत. तिच्यात अफू असते हे सगळ्यांना माहीत होतं, पण मिरचीत तिखट असतं हे जसं माहीत असतं तसं. माझ्या आईनं मला दिली होती, तिच्या आईनं तिला. शेतावर, खाणीवर, गिरणीत जाणारी बाई मुलाला गोळी देऊन निजवायची आणि कामाला लागायची. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नसे.

गोळी सुरू होण्याआधी, पहिले एकदोन दिवस, इंजिनाची शिटी झाली की भागी दचकायची. दोन्ही हात फाकवायची, ओठ काढायची. मग ते थांबलं. शिटीनं माझ्या छातीत धस्स व्हायचं, पण तिच्या पापणीचा केसही हलायचा नाही.

दाटलेलं दूध

आधी त्रास झाला तो मला. दूध भरपूर आलं आणि प्यायला कुणी नाही. भागीला पदराखाली घ्यावं तर तिचं तोंड उघडं राहायचं, दोन घोट जायचे आणि जबडा थांबायचा. मी तिच्या गालाला टिचकी मारायचे, पायाचे तळवे चोळायचे.

"कशाला जागं करतेस गं तिला?" आत्या म्हणायच्या. "झोपंत पोर वाढतं."

"पण आत्या, ती पीतच नाही."

"भूक लागली की पियील. भूक काय तुला इचारून लागते?"

मलाही ते पटायचं. पण माझी छाती दगडासारखी झाली. डाव्या बाजूला गाठ आली, ती लाल झाली, मग हात लावू देईना. अंगात ताप भरला. दात वाजायला लागले, एवढ्या उन्हाळ्यात. आत्यांनी एरंडाच्या पानांपासून गरम विटेपर्यंत सगळं केलं. मी बाजेवर पडून कुडाच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ बघत राहायचे. त्या रेघेत भागीचं तोंड दिसायचं. ते तोंड लहान होत चाललं होतं. जन्मली तेव्हा तिच्या मनगटाला वळी होती. आता कातडी सुरकुतलेली. म्हातारं माणूस लहान करून शेजारी ठेवल्यासारखी ती दिसायची.

मी आत्यांना म्हटलं, "पोर वाळतेय."

"तापात तुला तसं दिसतंय," त्या म्हणाल्या. पण त्यांनी तिचं मनगट हातात घेऊन बघितलं.

मला तेव्हा ओरडावंसं वाटायचं. पण पलीकडे ते निजलेले असायचे. भागी मला उठवता येत नव्हती, यांना उठवायचं नव्हतं, आणि मला स्वतःला उठता येत नव्हतं. त्या कोंडलेपणाची आठवण आजही आली की मी उठून दार उघडते.

डॉक्टर आले तो दिवस

ताप डोक्यात चढून मी बडबडायला लागले तेव्हा यांनीच दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. आत्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस? अजून तिचं न्हाणंसुदीक सरलं नाय!"

"आये, ती मरंल गं," हे म्हणाले. "बाजूला हो."

डॉक्टर मध्यम वयाचे, घाईतले, फारसे गोड बोलणारे नव्हते. आत येताच त्यांनी खिडकीचं गोणपाट ओढून काढलं. इतक्या दिवसांनी ऊन तोंडावर आलं आणि मला डोळे उघडवेनात. त्यांनी गळू पाहिलं, कंपाउंडरला भांडं धरायला सांगितलं आणि सरळ चीर दिली. मी एवढ्या जोरानं किंचाळले की चाळीतली माणसं दारात जमली.

मला हलकं वाटायला लागलं तोच डॉक्टर म्हणाले, "हे मूल जिवंत आहे ना?"

भागी माझ्या कुशीलाच होती. आईच्या किंकाळीनं ती हललीसुद्धा नव्हती.

त्यांनी तिला उचलून दारात, उजेडात नेलं. पापणी वर केली. तळव्याला जोरात टिचकी मारली. छातीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"हिला काय देता?"

"काय नाय. आईचं दूध," आत्या म्हणाल्या.

"आणखी?"

"बाळगोळी. ती समदीच देतात."

"डोळ्यातली बाहुली बघा तिची, टाचणीच्या टोकाएवढी झालीय," डॉक्टर म्हणाले. "ही झोप नाही, बाई. ही अफूची गुंगी आहे. मूल झोपतं आणि भुकेनं उठतं, पितं आणि पुन्हा झोपतं. असं करत करत ते वाढतं. हिला भूक लागली तरी ती उठू शकत नाही. ही उपाशी मरते आहे, आणि तुम्हाला वाटतंय की ती निजली आहे."

दारात जमलेल्या बायका एकेक करून मागे सरल्या. बाळगोळी त्या प्रत्येकीच्या घरात होती.

जाताना त्यांनी बजावलं की गोळी एकदम बंद करायची नाही, उद्या दोघींना दवाखान्यात आणा, हळूहळू कमी करत नेऊ. पण हे त्यांचं शेवटचं बोलणं यांच्या कानांत शिरलंच नसावं, आणि मी तापात अर्धवट शुद्धीवर होते. डॉक्टरांची पाठ वळताच यांनी सहाणेजवळची गोळ्यांची डबी उचलली आणि शेगडीत टाकली. निखाऱ्यांवर ती तडतडली, गोडसर जळका वास सुटला.

आत्या खाली बसल्या. मुलावर रागावल्या नाहीत की माझ्याकडे बघितलं नाही. हे बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझी दोन झोपेतच गेली गं."

मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"लावणी चाललेली. बांधावर झाडाला झोळी बांधायची, गोळी द्यायची, आन् चिखलात उतरायचं. छाती भरून आली का वर यायचं. एकदा वर आले तर उठलाच नाय. दुसरा तसाच, दोन वरसांनी. समदी म्हनाली, नदर लागली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गोळीनं गेली असतील का गं?"

मी भागीला जवळ ओढून घेतलं.

त्याच हातानं तेच

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी रडली. आम्हाला केवढा आनंद झाला! हे रात्रपाळी करून आले होते, पण निजलेच नाहीत. पाय दुमडून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "रडू दे. आवाज तर ऐकायला येतोय."

तो आवाज थांबेचना. बारीक, कर्कश, एकाच सुरातला. तिला शिंकांवर शिंका येऊ लागल्या. पातळ जुलाब सुरू झाले. हनुवटी थरथरायची, मुठी उघडत नव्हत्या. छातीला लावली की तोंडानं धडपडायची, पण तिला धरताच यायचं नाही, आणि मग मान मागं टाकून पुन्हा रडायची. शेजारची बाई येऊन म्हणाली, "देऊन टाका गं गोळी, पोर तळमळून मरंल." यांनी तिला बाहेर काढलं. भर दुपारी भागीचं अंग ताठ झालं आणि ओठ निळे पडले.

मी उठले. न्हाणं नाही, विटाळ नाही, काही मनात आलं नाही. घोंगडी डोक्यावरून घेतली, पोर पदरात घेतली आणि उन्हातून दवाखान्याकडे चालत निघाले. मागे आत्या, त्यांच्या मागे हे. चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या राहून बघत होत्या.

डॉक्टर यांच्यावर ओरडले, "बंद करा असं कुणी सांगितलं तुम्हाला? तिच्या अंगाला सवय लागली आहे!" त्यांनी कपाटातून बाटली काढली, पाण्यात थेंब मिसळला आणि चमचा पुढे केला. "हे पाजा."

अफूच होती ती.

चमचा आत्यांसमोर होता, कारण घरात पाजायचं काम त्याच करत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माझ्या हातानं नाय," त्या म्हणाल्या. "परत नाय. मारलंत तरी नाय."

"मग आईनं पाजा. लवकर."

मी चमचा घेतला. ज्या विषानं माझी मुलगी सुकली होती तेच मी तिच्या ओठांत घातलं. थोड्या वेळात तिच्या मुठी सुटल्या, रडणं थांबलं, अंग सैल पडलं. आणि मला बरं वाटलं. चाळीतली, शेतावरची प्रत्येक आई ही गोळी का देते ते मला त्या क्षणी कळलं. इतकी शांतता एका थेंबात मिळत असेल तर कोण नाही घेणार?

मागची खोली

आम्हाला दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. तिथे औषधांची रिकामी खोकी, एक मोडकं स्ट्रेचर आणि एक खाट होती. खिडकीला गज. एका कोंडवाड्यातून मी दुसऱ्यात आले होते, एवढंच की इथे वारा येत होता.

सकाळी कंपाउंडर माझ्या जखमेत भरलेली कापडाची वात बदलायचा. मी तोंडात पदर कोंबायचे. मग डॉक्टर यायचे, भागीची पापणी उचलून बघायचे आणि थेंब किती पातळ करायचा ते सांगायचे. थेंब मीच पाजायचे. त्यानंतर माझं दूध वाटीत काढायचं आणि चोचीच्या बोंडल्यानं तिच्या तोंडात सोडायचं. ती गुंगीत असली की ओल्या फडक्यानं तळवे पुसून जागी करायची. गुंगी उतरत आली की ती तळमळायची, मग कवटाळून फेऱ्या घालायच्या. खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत. धड झोप नाही आणि धड जाग नाही, अशा कुठल्या तरी मधल्या जागी ती अडकून पडली होती, आणि तिच्यासोबत मीही.

आत्या रोज यायच्या. माझं जेवण आणायच्या, माझे केस विंचरायच्या, भागीची लंगोटी धुवून वाळत घालायच्या. पण भागीला त्या हात लावत नव्हत्या. दूर, खोक्याला टेकून बसायच्या. एकदा डॉक्टर हात धूत असताना त्यांनी विचारलंच, "डागदर, माझी दोन अशीच गेली. ती गोळीनंच गेली का?"

डॉक्टरांनी हात पुसले. "आता ते मला सांगता येणार नाही, बाई," ते म्हणाले. उगाच धीर द्यायला 'नाही' म्हणाले नाहीत, आणि 'हो'देखील म्हणाले नाहीत. आत्यांनी मान हलवली.

हे पाळी सुटली की घरी न जाता खिडकीशी यायचे. गजांतून आत बघायचे, "पियाली का?" एवढंच विचारायचे आणि भिंतीच्या सावलीत बसल्याबसल्या झोपी जायचे. मग आत्या बाहेर जाऊन त्यांच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत बसायच्या. चाळीत लोक म्हणत होते की डॉक्टरनं पोरीवर प्रयोग चालवलाय आणि या नवराबायकोला अक्कल नाही. हे मला यांनीच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच हसले.

एक दिवस फार वाईट गेला. बोंडल्यातलं दूध भागीच्या ओठांच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. डॉक्टर आले, तिची नाडी धरून उभे राहिले. ते गेल्यावर मी गज धरून उभी राहिले. बाहेर रस्त्यानं बैलगाड्या चालल्या होत्या. मनात आलं, हे सगळं इथेच टाकून खालापूरला चालत सुटावं. दार उघडंच होतं. पण मी गेले असते तरी माझी छाती दुधानं भरून आली असती आणि तिनंच मला मागे ओढून आणलं असतं. मी परत खाटेवर बसले आणि बोंडलं हातात घेतलं. तिन्हीसांजेला तिनं एक घोट गिळला. मग आणखी एक.

थेंब पातळ होत होत शेवटी नुसतं पाणी उरलं. मग तेही थांबलं.

ज्यांच्या घरी हे चाललं असेल त्यांना मी एवढंच सांगते. तान्ह्या मुलानं उठावं, रडावं, दूध मागावं, तेच त्याचं काम आहे. जे मूल उठवूनही उठत नाही त्याचं कौतुक करू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आणि गोळी देत असाल तर रागाच्या भरात एका दिवसात बंद करू नका. आमची पोर त्यात गेलीच होती. भागीला मान धरायला उशीर झाला, चालायला उशीर झाला, बोलायला तर फारच. आज ती माझ्याहून उंच आहे आणि बोलायला लागली की थांबत नाही. माझी डावी बाजू मात्र कायमची आटली. पुढची दोन मुलं मी एकाच बाजूच्या दुधावर वाढवली, गोळीशिवाय. यांनी पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा ते मालधक्क्याच्या सावलीत निजायला जाऊ लागले. घर रडण्यासाठी मोकळं झालं.

पण मला सांगायची आहे ती त्या मागच्या खोलीतली एक दुपार. थेंब बंद झाला होता. भागी पहिल्यांदाच आपणहून, भुकेनं ओरडून उठली होती. तिनं छातीला तोंड लावलं आणि एवढ्या जोरानं ओढलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोटभर प्यायली आणि झोपली.

थोड्या वेळानं मी बघते तर तिचा चेहरा हलत होता. भुवया आक्रसल्या, सैल झाल्या. बंद पापण्यांखाली डोळे इकडून तिकडे फिरत होते. ओठ चुटचुट वाजत होते. श्वास भरभर, मग संथ. मला वाटलं, झटका आला. मी ओरडले, तसे डॉक्टर हातातलं काम टाकून आले. त्यांनी वाकून बघितलं.

"झोपू द्या तिला," ते म्हणाले. "ही झोप आहे." आणि निघून गेले.

माझी मुलगी झोपली की कशी दिसते हे मी पहिल्यांदाच बघत होते. आत्या खोक्यापासून उठल्या आणि खाटेजवळ येऊन उकिडव्या बसल्या. तेवढ्यात भागी झोपेत हसली. दोन्ही गाल वर उचलून, अगदी खरं हसू.

"आत्या, बघा, सटवाई हसवतेय तिला," मी म्हटलं.

त्यांनी बोट पुढे केलं आणि भागीच्या गालावर हलकेच टेकवलं. हसू मावळलं, पुन्हा उमटलं. त्या बघत राहिल्या. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"माझी दोघं कधी हसली नाय गं झोपेत."